कोर्ट उठेपर्यंत

फॉर्मची तीन पानं बिनबोभाट भरून झाली आणि चौथ्या पानावर घोडं अडलं.

शीला लॅपटॉप मांडीवर घेऊन ओसरीतल्या खाटेवर बसली होती. नेरच्या बसस्टँडसमोर तिचं ऑनलाइन सेवा केंद्र. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती. अर्ध्या तालुक्याचे फॉर्म तिच्या बोटांखालून गेलेले. सासूचा इंग्लंडचा व्हिसा मात्र पहिलाच. म्हणून आज तिनं केंद्राला कुलूप लावलं होतं. रविवार असल्यानं नवरा, संजय, शाळेतून मोकळा होता. सासरे रामलाल भिंतीला टेकून सुपारी कातरत होते आणि लालीबाई सुनेच्या शेजारी फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली होती.

तिकडे लीड्सला नर्स असलेली लेक, संगीता, सातव्या महिन्यात होती. याआधी दोनदा तिचा गर्भ पडला होता. या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचीच बंदी केली होती. जावई अंकुर सकाळी कामावर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, आणि पोर दिवसभर छताकडे बघत पडून राहायची. फोनवर ती एवढंच म्हणायची, "याडी, तू ये." याडी म्हणजे आई. हिवरदरी तांड्यातली निम्मी बाळंतपणं या याडीच्या हातची, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी ती सात समुद्र अलीकडे. फोन ठेवला की लालीबाई झाडू घेऊन झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायची.

"पुढं काय हाये?" तिनं विचारलं.

"आता हे विचारून राह्यले," शीलानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "तुमच्यावर कधी गुन्हा शाबीत झाला काय? कोर्टानं शिक्षा केली काय? साधा दंड असला तरी सांगा म्हनतेत."

"नाई," संजय म्हणाला.

"नाई," रामलाल म्हणाले.

"दंड तं भरला ना म्या," लालीबाई म्हणाली. "मंग गुन्हा कुठी राह्यला?"

शीलाचं बोट तिथंच थांबलं. बारा वर्षं झाली तिला या घरात येऊन. चुलत सासरे रामधन पलीकडच्या आळीत राहतात, त्यांचं-आपलं बोलणं नाही, कारण शेताच्या धुऱ्याचं भांडण, एवढंच तिला सांगितलेलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा अंगणातल्या कोंबडीकडे पाहत होता.

"कायचा दंड, याडी?"

लालीबाईनं लपवाछपवी केली नाही. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "सोळा वर्सं झाले. रामधनच्या घरात घुसली, त्याचे मडके फोडले, आडवा आला तं हातावर काठी हानली. त्यानं ठान्यात रपोट देल्ली. कोर्टात साहेबानं इचारलं, बाई, केलं काय? म्हटलं, केलं. त्यायनं दंड सांगतला अन् म्हने, कोर्ट उठेपर्यंत इथीच बसायचं. बसली. कोर्ट उठलं, मीही उठली. येऊन स्वयंपाक केला."

"अन् पावती?"

"चुलीत टाकली. मिटलेल्या भांडनाचा कागद घरात ठेवते काय कोनी?"

आता लालीबाईचंही काही चुकलं नव्हतं. तांड्याचा न्याय तिच्या रक्तात भिनलेला. नायकापुढं नसाब, म्हणजे तांड्याचा न्यायनिवाडा, बसतो, दोन्ही बाजूंचं ऐकून दंड ठरवतो, दंड भरला की गूळ वाटतात. भांडणारे दोघं तो गूळ एकमेकांसमोर खातात. त्यानंतर त्या गुन्ह्याचं नाव जो काढील त्यालाच दंड. इतका सोपा हिशोब. लालीबाईनं कोर्टही त्याच मापानं मोजलं होतं.

"याडी," शीला हळूच म्हणाली, "कोर्टात गूळ नाई वाटत. तिथं कागद राह्यते."

संजयनं तोवर अमरावतीच्या एजंटला, पियुषला, फोन लावला होता. पियुषला अशा गोष्टींचं ओझं होत नसे. "नो मारून मोकळे व्हा ना, सर," तो स्पीकरवरून म्हणाला. "तांड्यातली केस तिकडं सांगायला कोन जाते? येस लिहिलं तं समजा फाइल गेली."

"ऐकलं?" संजय बायकोला म्हणाला. "नो मार."

"लेकीकडे जायाचं हाये तिले, काही निवडनुकीले उभं नाई राह्यची," रामलाल पोराच्या बाजूनं सरकले. "चूप राह्यनं बरं."

शीलाला राग आला. रोज तिच्या केंद्रात लोक असंच म्हणत यायचे, मारा ना ताई टिक, आणि सहा महिन्यांनी रडत यायचे. "जुनी अन् बारकी शिक्षा असन तं ते पाहून ठरवतेत. देतेतही. पन खोटं लिहिलेलं सापडलं तं दहा वर्सं दार बंद. मंग ना बाळंतपन, ना बारसं. पियुषचं काय जाते? त्याले त्याचं कमिशन भेटलं."

पियुषनं फोन ठेवला.

सगळे लालीबाईकडे पाहू लागले. हो म्हटलं तर जाऊ देतील की नाही, याची खात्री सुनेलाही नव्हती, हे तिला समजलं होतं. छताकडे बघत पडलेली लेक तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"साहेबासमोर हो म्हटलं होतं म्या," ती म्हणाली. "आता कायले नाई म्हनू? लिव्ह हो."

पुढचा रकाना शिक्षेच्या मुदतीचा होता. वर्षं, महिने, दिवस. कोर्ट उठेपर्यंत हे माप त्यात कुठंच बसेना.

"सकाळी अकराले बसली अन् साडेपाचले उठली," लालीबाई म्हणाली.

"जेवनाची सुट्टी धरून की सोडून?" रामलालनी विचारलं, आणि इतक्या ताणातही शीला खुदकन हसली. तिनं लिहिलं, एक दिवस.

पण नुसतं हो लिहून भागत नव्हतं. निकालाची नक्कल जोडायची, सोबत काय घडलं याचं पत्र. नकलेला केसचा नंबर हवा, आणि तो चुलीत गेलेला.

"फिर्याद ज्यानं देल्ली त्याच्याकडे असन," शीला म्हणाली.

"त्याच्या दारात मी पाय ठेवनार नाई," लालीबाईनं ठणकावलं. "मरन पत्करीन."

"तुम्ही नोका ठेवू. माहे पाय हायेत."

शीला चपला घालून निघालीसुद्धा.

*

रामधनला वाटलं होतं हा दिवस कधी येणारच नाही, आणि रोज थोडं थोडं वाटतही होतं की येईल.

सून दारात उभी राहून म्हणाली, "काका, याडीच्या केसचा नंबर पाहिजे. संगीताकडे जायाचं हाये, व्हिसाले लागते." ना नमस्कार, ना बसते. सोळा वर्षांत वाटेत समोरासमोर आले तरी या घरची माणसं मान वळवून जायची, त्यामुळं एवढं बोलणंही त्याला पुष्कळ वाटलं.

"तू जा," तो म्हणाला. "मी आनतो."

पेटीच्या तळाशी कागद होते. बायको, बेबीताई, चुलीपाशी बसल्या बसल्या पाहत होती. "सरकारी कागद हाये, नंबर सांगून द्या पोरीले. तुमी कायले जाता?"

"त्यात काय लिवलं हाये, मालूम हाये ना तुले?"

बेबीताईला माहीत होतं. तिनं उठून त्याची टोपी त्याच्या हातात दिली.

त्या दिवसानंतर महिनाभरातच रामधननं धंदा बंद केला होता. पुढं शेळ्या घेतल्या, आता दूध डेअरीला घालतो. लोक विसरले. तो विसरला नव्हता. हातावरचा मार केव्हाच बरा झाला होता. त्याला लागत होतं ते निराळंच. कोर्टात भोजाई, त्याची वहिनी, त्याच्याकडे एकदाही न पाहता "केलं" म्हणाली होती. एक शब्द बोलली असती तर पिंजऱ्यात तो असता. ती का बोलली नाही, हे त्याला कधी कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही. कागद टोपीखाली धरून तो निघाला तेव्हा त्याला चक्क भीती वाटत होती. साठीच्या माणसाला तीस पावलं चालायची भीती.

*

काका ओसरीच्या पायरीवर येऊन उभा राहिला तेव्हा संजयनं उठून आत जायचं ठरवलं होतं. पण रामलाल, जे भावाशी सोळा वर्षं बोलले नव्हते, ते म्हणाले, "बस." ते कोणाला म्हणाले कोणास ठाऊक, दोघंही बसले.

शीलानं कागद घेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, केंद्रात वाचते तशी. "आरोपी लालीबाई रामलाल राठोड हिने फिर्यादीच्या घरात घुसून... पिण्याच्या पाण्याची सात मडकी फोडली..." ती थांबली. "पान्याची? याडी, लोकायच्या घरातले पान्याचे मडके फोडले तुम्ही?"

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

"असं जोडलं तं त्यायले वाटन बाई डोक्यानं गेलेली हाये. कारन लिहा लागते. काहून फोडले?"

"रागात," लालीबाई म्हणाली.

"कायचा राग?"

"जुनं हाये. नोको उकरू."

"शेजारचा किरकोळ वाद, असं लिहून दे ना," संजय घाईनं म्हणाला. त्याचे कान तापले होते. गावात सगळे त्याला गुरुजी म्हणत. व्यसनमुक्तीची शपथ दरवर्षी पोरांना तोच द्यायचा. "सारं कायले सांगा लागते?"

शीला त्याच्याकडे बघत राहिली. तिला आता हळूहळू कळत होतं की त्यानं पियुषला एवढ्या तातडीनं फोन का लावला होता. भीती व्हिसाची नव्हती.

"पानी नोतं ते."

रामधन खाली मान घालून बोलला, इतक्या हळू की रामलालनी "काय?" म्हणून विचारलं.

"पानी नोतं!" तो ओरडलाच. "मोहाची होती. सातही मडके. हातभट्टी होती माही, मागच्या खोलीत. ठान्यात काय सांगू, दारूचे मडके फोडले म्हनून? पान्याचे सांगतले. लिव्ह पोरी, माह्या नावानं लिव्ह. मी सही देतो. भोजाई, तू कोर्टात काहून नाई बोलली? एक शब्द बोलली असती तं मी आत होतो!"

लालीबाईनं पदर नीट केला. "साहेबानं मडके फोडले काय, एवढंच इचारलं. आत काय होतं ते इचारलंच नाई."

"भोजाई."

"आता कायले पाहिजे तुले?"

"मले सोळा वर्सं झोप नाई लागली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर नकळत संजयकडे गेली आणि लगेच परत आली. एवढीशीच नजर, पण संजयला ती पुरली.

तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा होता. डी.एड.ला नंबर लागला होता, आणि रोज संध्याकाळी तो काकाच्या मागच्या खोलीत बसायचा. एकदा तिथंच उताणा पडला, तोंडातून फेस. याडीनं त्याला पाठीवर घातलं, दवाखान्यात पोचवलं, आणि शुद्धीवर आल्याचं कळल्यावर काठी घेऊन परतली. हे सगळं त्याला माहीत होतं. कोर्टातलं मात्र त्यानं कधी इतकं सरळ जुळवून पाहिलं नव्हतं. दारू होती म्हटलं असतं तर कोण प्यायचं हेही निघालं असतं. साक्षीला त्यालाच उभं केलं असतं. तिनं पाण्याची मडकी फोडल्याचा गुन्हा अंगावर घेतला, कारण पोराला मास्तर व्हायचं होतं.

आणि आज तोच पोरगा तिला म्हणत होता, सारं कायले सांगा लागते.

"लिव्ह, शीला," तो म्हणाला. आवाज फाटला तसा त्यानं पुन्हा म्हटलं. "लिव्ह. माहा मुलगा त्या दारूनं मराले टेकला होता, म्हनून म्या भट्टी फोडली. मुलाचं नाव संजय. जिल्हा परिषदेच्या शायेत शिक्षक हाये, तेही लिव्ह. सही मी करतो."

"तुही नोकरी..." लालीबाई उठलीच.

"माही नोकरी पेल्यानं जात होती, याडी, सांगितल्यानं नाई जात."

त्यानं तिचे पाय धरले. ती "सोड, सोड, लेकरासमोर काय तमाशा" म्हणाली, जरी ओसरीवर लेकरू एकही नव्हतं. रामलाल सुपारी कातरायचं सोडून डोळे पुसत होते आणि वर "धूर लय झाला" म्हणत होते. चूल पेटलेली नव्हती.

पत्र पाऊण पानाचं झालं. शीला इंग्रजीत एकेक वाक्य लिहायची आणि मराठीत वाचून दाखवायची. "रागाच्या भरात" हे लालीबाईनं काढायला लावलं. "राग होता, भर नोता. मी मोजून सात फोडले." "मला पश्चात्ताप आहे" यावरही खडाजंगी झाली. शीला म्हणाली, असं लिहावं लागतं. लालीबाई म्हणाली, काठीचा हाये, मडक्यायचा नाई. शेवटी तसंच लिहिलं. खाली तीन सह्या झाल्या आणि दोन अंगठे, एक लालीबाईचा, दुसरा रामधनचा. रामधन सही करू शकत होता, पण म्हणाला, फिर्यादीवर अंगठा दिला होता, इथंही तोच देतो.

मग लालीबाई आत गेली, गुळाचा खडा घेऊन आली आणि अर्धा मोडून दिराच्या हातावर ठेवला. "नायक नाई, नसाब नाई," ती म्हणाली. "पन खाय."

रामधननं खाल्ला. तिनंही खाल्ला. रामलालनी आपणहून हात पुढं केला.

*

नक्कल आठवड्यात मिळाली. हैदराबादला बोटांचे ठसे द्यायला लालीबाई घागरा-कांचळी घालूनच गेली. संजयनं एकदा साडी सुचवून पाहिली. यंत्रावर तिची बोटं उमटेनात. काउंटरवरच्या मुलीनं चारदा पुसायला लावली. कापूस वेचून वेचून रेषा गेल्या, असं लालीबाईनं तिला वऱ्हाडीत समजावून सांगितलं. मुलीला वऱ्हाडी तेवढीच येत असावी जेवढं लालीबाईला तेलुगू, पण तिनं मान डोलवली. पाचव्या खेपेला उमटली.

मग वाट बघणं. संगीताला आठवा संपत आला. लालीबाईनं मेथी, डिंक, सुंठ बांधून ठेवलं आणि दोनदा सोडलं. नाही म्हणाले तर? हा प्रश्न ती कोणाला विचारत नव्हती, त्यामुळं घरातलं प्रत्येक जण तिला न विचारता उत्तर देत होतं. पियुषनं फोन करून "मी सांगतलं होतं" म्हणायची तयारी ठेवली असणार, असं शीलाला वाटायचं. हो लिहायला तिनंच लावलं होतं. काही उलटं झालं असतं तर ही सासू एका शब्दानं बोलली नसती, आणि तेच शीलाला सहन झालं नसतं.

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, शीलाची स्कूटी तांड्यात शिरली ती हॉर्न दाबूनच. नायकाच्या घरापासून तिनं हॉर्नवरचा अंगठा काढला नव्हता. बाया बाहेर आल्या, कुत्री मागं लागली. अंगणात गाडी स्टँडवर लावायचंही तिला सुचलं नाही. गाडी आडवी पडली.

"भेटला!" ती ओरडली. "याडी, भेटला! सहा महिन्याचा!"

लालीबाईनं पासपोर्ट हातात घेतला. त्यात तिचाच फोटो चिकटवलेला, ताठ मानेचा. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोट फिरवून.

"यात लिवलं हाये काय, म्या काय केलं ते?"

"नाई, याडी. काहीच नाई लिवलं. त्यायनं वाचलं, अन् या म्हटलं."

"सारं वाचलं?"

"सारं."

लालीबाई मटकन पायरीवर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम, आणि दोन्ही तिनं येऊ दिलं. पलीकडच्या आळीतून रामधन धावत आला, त्याच्यामागं पदर सावरत बेबीताई. कोणीतरी नंगारा बाहेर काढला. सेवालाल महाराजांच्या नावाचा जयजयकार झाला. सोळा वर्षांपूर्वी ज्या बाईला पोलिसांच्या गाडीत बसताना पाहून या आळीनं दारं लावून घेतली होती, तिच्याभोवती आज बायांनी फेर धरला. रामलाल तर इतके नाचले की संजयला त्यांचं धोतर सांभाळावं लागलं.

त्या गोंगाटातच शीलानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर उशीवरचं संगीताचं डोकं दिसलं, चेहरा सुजलेला. तिला इकडचा आरडाओरडा ऐकू आला आणि ती घाबरलीच.

"काय झालं? कोन रडून राह्यलं? बापू बरे हायेत ना? शीला, बोल ना वं!"

शीलानं फोन सासूच्या हातात दिला. संगीता एका कोपरावर उठू लागली होती.

"संगी," लालीबाई म्हणाली, "उठू नोको. पडून राय. मी येऊन राह्यली."